कंट्रोलचं नाव: प्रकार आधी की काम आधी?

पणजीत आम्ही फेरीबोटीच्या पासाचा फॉर्म बनवतोय. त्यातल्या कंट्रोलना, म्हणजे बटणं, टेक्स्टबॉक्स (मजकूर भरायच्या चौकटी) वगैरेंना, कोडमध्ये नावं देताना टीममध्ये सरळ दोन पक्ष पडले.

पहिला पक्ष ‘टीएक्सटी-तालुका’, ‘बीटीएन-सेव्ह’वाला: आधी कंट्रोलचा प्रकार (‘टीएक्सटी’ म्हणजे टेक्स्टबॉक्स, ‘बीटीएन’ म्हणजे बटण), मग काम. प्रोग्रॅमर चार्ल्स सिमोनी यांच्या हंगेरियन पद्धतीशी (नावाआधी प्रकाराची खूण जोडण्याशी) नातं सांगणारी ही सवय १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या काळात घराघरांत रुजली. फायदा खरा आहे: कोड लिहिताना ‘टीएक्सटी’ टाइप केलं की फॉर्मवरचे सगळे टेक्स्टबॉक्स एका रांगेत दिसतात.

दुसरा पक्ष ‘तालुका-लेबल’, ‘तालुका-फील्ड’, ‘तालुका-एरर’ लिहितो. मी याच बाजूचा. फॉर्मवर काम करताना मला सगळे टेक्स्टबॉक्स क्वचितच हवे असतात. तालुक्याशी संबंधित सगळं मात्र सतत हवं असतं, आणि ते इथे एकत्र सापडतं. शिवाय उद्या टेक्स्टबॉक्स काढून बार्देश, तिसवाडी, सासष्टी अशी ड्रॉपडाउन यादी दिली, तर ‘टीएक्सटी’ खोटं पडतं. ‘फील्ड’ टिकतं. नावाच्या शेवटी ‘तालुका-टेक्स्टबॉक्स’ असं लिहिलंत तर हा टिकण्याचा फायदा गेला, म्हणून शेवटचा शब्द भूमिकेचा हवा, कंट्रोलच्या प्रकाराचा नको.

विनफॉर्म्स (विंडोजचे फॉर्म बनवायची मायक्रोसॉफ्टची पद्धत) वापरलेला जुना प्रकल्प हाती आला आणि तिथे ‘बीटीएन’च असेल, तर तेच चालू ठेवा. एका फॉर्मवर दोन्ही पद्धती असल्या की शोधणं सर्वांत अवघड होतं.