जालना–संभाजीनगर रेल्वेनं रोजचं अप-डाउन : पाचपैकी तीन स्टार

जालन्याहून संभाजीनगरला नोकरीसाठी अप-डाउन करणाऱ्यांसाठी लिहितोय, वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्यांनी सोडून दिलं तरी चालतंय. तीन स्टार दिलेत ते रुळाला आणि तिकिटाला, टाइमटेबलला भोपळा.

साठेक किलोमीटरचं अंतर, पॅसेंजरचं तिकीट चहा-पोह्याच्या पैशात, आणि मासिक पास काढला तर एसटीपुढं खर्च जाणवतच नाही. बदनापूरला दुधाचे कॅन दारातच ठेवतात, त्यामुळं उतरणाऱ्यानं आधीच सरकून उभं राहायचं, नाहीतर पँटवर दूध ठरलेलं.

आता गोची. निजामाच्या काळात 1900 च्या सुमारास टाकलेली ही लाईन, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, आता वर विजेच्या ताराही आल्यात, पण एकेरीच. समोरून एक्सप्रेस येतीय म्हणलं की पॅसेंजर करमाडला साइडला उभी, तिकडं ऑफिसात साहेब घड्याळ बघतोय. मनमाडकडच्या दुहेरीकरणाचं काम घेतलंय, परभणीपर्यंतही मंजुरी आहे, ते लवकर उरकावं राव. वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला जालन्याहून सुटली, छानच झालं, पण ती मुंबईला जाणाऱ्याची, डबा घेऊन जाणाऱ्याला तिचा काय उपयोग.

माझं म्हणणं एवढंच की दौलताबाद, मेन स्टेशन, मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड अशी ही लाईन आख्ख्या शहराच्या अंगावरून जाते, सिडको जवळ, चिकलठाणा एमआयडीसी जवळ, करमाडहून शेंद्र्याची एमआयडीसी जवळ, म्हणजे रूळ टाकायची जागा फुकटात हातात आहे, आणि त्यावर अर्ध्या तासाला एक लोकल सोडायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, सगळे जालना रोडवर हॉर्न वाजवत बसलेत. वाळूज ते शेंद्रा मेट्रोची चर्चा मधूनमधून होते. वाळूजला रेल्वे नाहीच, तिकडं मेट्रो लागणारच, पण तोवर इकडं दुसरी लाईन टाकून लोकल चालवा की.

पैसे कशाला घालायचे म्हणणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी जुन्या शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात गाडी घालून दाखवावी. मलिक अंबरनं 1610 च्या आसपास वसवलेलं गाव, तिथं रुंदीकरण म्हणलं की कुणाचं दुकान जाणार यावरच भांडण सुरू, आणि शहराचे जुने ऐतिहासिक दरवाजे तर पाडता येत नाहीत, पाडूही नयेत. जुन्या शहरात एक तर आहे त्या रुळाचा फायदा घ्यायचा नाहीतर जमिनीखाली जायचं. पुण्यानं तेच केलं, कसबा पेठ आणि मंडईच्या खालून मेट्रो नेली, 29 सप्टेंबर 2024 ला स्वारगेटपर्यंत सुरू झाली. आमच्याकडची पोरं तिकडं शिकायला आहेत, ती मंडईतून पिंपरीला रिक्षा न करता जातात. स्वस्तात नाही झालं ते, पहिल्या टप्प्याला 2016 ला मंजुरी मिळाली तेव्हाच आकडा 11,420 कोटींचा होता. आपल्याला सुरुवातीला त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत एवढ्यात भागेल, कारण रूळ आहेतच.

आणि स्टेशनवरून शहरात जायचं बघा कुणीतरी. रात्री बाहेर आलं की रिक्षावाला गुलमंडीचे जे सांगतो त्यात जालन्याच्या चार फेऱ्या होतात.

नवीन लोकांनी एक ध्यानात ठेवा, मुकुंदवाडीला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, बसायच्या आधी विचारून घ्या.