‘टफन्ड’ काच कापून देतो म्हणाला, तिथेच थांबा

आमच्या जुन्या प्रीमिअर पद्मिनी गाडीच्या पुढच्या दोन दारांच्या काचा. बिलावर लिहिलेलं: ‘टफन्ड, ५ मिमी, २ नग’. टफन्ड म्हणजे भट्टीत कडक केलेली, फुटली तर दाणे होणारी काच. कोपऱ्यात पांढरट शिक्का, माल पुठ्ठ्यात नीट गुंडाळलेला. ड्रायव्हरच्या बाजूची काच दारात उतरेना, मागच्या कडेला ७-८ मिमी जास्त भरत होती. विकणाऱ्याचा माणूस म्हणाला, “पाच मिनिटांचं काम आहे, साहेब.” त्याने कटर फिरवला, खालून टकटक केलं, पकडीने पट्टी दोन-तीन तुकड्यांत मोडून काढली, कडेवरून पॉलिशपेपर मारला आणि काच बसवून दिली. आम्ही वर त्याला चहा पाजला.

टफन्ड काच कापता येत नाही. थोडीसुद्धा नाही. साधी काच आधी मापाला कापतात, कडा घासतात, भोकं पाडतात आणि मग भट्टीत साधारण ६२०-६५० अंशांपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी हवेचा जोरदार झोत मारतात. वरचा थर आधी गोठतो, आतला मागाहून. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. कटरची चीर त्या ताणापर्यंत पोचली की अख्खी काच खडीसाखरेएवढ्या दाण्यांत कोसळते. म्हणजे जी काच आमच्यासमोर शहाण्यासारखी सरळ रेषेत मोडली, ती खिडकीच्या तावदानाची साधी फ्लोट काच होती. दार आपटल्यावर तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात, तेही बसणाऱ्याच्या खांद्या-मानेच्या उंचीवर.

हा धंदा जुन्या गाड्यांतच जास्त चालतो, कारण त्यांच्या बाजूच्या काचा बहुतेक सपाट असतात. गोलाई असती तर साचा, भट्टी सगळं लागलं असतं. सपाट काच कोणताही काचवाला तासाभरात कापून देतो. पद्मिनी बंद होऊन आता पाव शतक झालं. ‘जुना कंपनी स्टॉक’ म्हटलं की गिऱ्हाईक हरखतं आणि मोजायचं विसरतं.

शिक्क्यावर जाऊ नका. स्टेन्सिल ठेवून सँडब्लास्ट किंवा ॲसिडची पेस्ट लावली की हवा तो शिक्का उमटतो. नव्या काचेवर आयएसआयचं चिन्ह असेल तर आयएस २५५३ (सुरक्षा काचेचं भारतीय मानक) सोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवाना कोणाचा आणि कशासाठी, ते दिसतं. आमच्या काचेवर चिन्ह होतं, क्रमांक नव्हता.

घरच्या घरी खात्रीची परीक्षा लॅपटॉपवर होते. एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरा करा. पोलराइज्ड (चकाकी अडवणारा) गॉगल हातात धरून त्यातून बघत, स्क्रीन काळा दिसेपर्यंत फिरवा. आता काच मध्ये धरा आणि तिरकी फिरवत बघा. टफन्ड असेल तर काळ्यावर उजळ ढगाळ डाग किंवा पट्टे उठतात, कडेजवळ जास्त ठळक. साधी काच काळीच राहते. दुकानात जाताना असाच जुना पोलराइज्ड गॉगल खिशात टाका, कोणी हसलं तर हसू द्या.

जाडी पट्टीने नव्हे, कॅलिपरने मोजा. आमच्या ‘५ मिमी’ची जाडी ३.८ भरली. एवढ्या फरकाने काच चॅनेलमध्ये, म्हणजे ती ज्या खाचेत वर-खाली सरकते तिच्यात, खडखडते आणि मग कारागीर रबर कोंबून आवाज बंद करतो. पुढच्या तिकोनी काचेच्या जागी ॲक्रिलिक लावून देणारेही आहेत. ते हाताला गार लागत नाही, नखाने टकटक केल्यावर बोदं वाजतं आणि वजनाला काचेच्या निम्म्याहून कमी असतं.

लॅमिनेटेड काच मात्र कापता येते, त्यात लबाडी नाही. पण मग कडेला दोन काचांमधली प्लास्टिकची रेघ दिसली पाहिजे आणि बिलावर तसं लिहिलेलं पाहिजे. साध्या काचेवर ‘सेफ्टी फिल्म’ चिकटवून देतो म्हणणाऱ्याला तर सरळ नाही म्हणा. २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या काचांवर फिल्म लावायलाच मनाई केली होती. म्हणजे काच खोटी ती खोटीच, वर दंडाची कटकट झाली तर तीही तुम्हालाच.

ओरखडे काढून देण्याचं काम घेणाऱ्यांकडेही लक्ष ठेवा. सीरियम ऑक्साइडने धूसरपणा आणि बारीक रेघा जातात. नख अडकेल असा ओरखडा घासून काढायला गेलं की तिथे खळगा होतो आणि बाहेरचं दृश्य लाटांसारखं हलतं. म्हणून काही जण ओरखड्यातच भरणी करून चकाकी आणतात. पैसे देण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, भरलेलं असेल तर बरेचदा तिथेच उघडं पडतं.

काचेच्या कडेच्या रबरातही हीच तऱ्हा. तीस वर्षं गोदामात पडलेलं रबर ‘ओरिजिनल’ असेलही, पण उपयोगाचं नसतं. दुमडून पाहा, वळणावर बारीक भेगा दिसल्या तर परत करा. असं टणक बीडिंगच (काचेला घासणारी रबरी पट्टी) काचेवर उभ्या रेघा पाडतं.

योग्य काम करायचं तर काच काढण्याआधी खालची पत्र्याची चॅनेल (काचेच्या खालच्या कडेवर बसवलेली पन्हळ) मागच्या कडेपासून किती मिमीवर आहे ते लिहून ठेवा. ती चुकली तर काच वर जाताना तिरकी अडकते. काच सरकते ती नवी फेल्ट चॅनेल आधी दारात बसवा, मग ३ मिमी हार्डबोर्डचा नमुना कापून तो वर-खाली सरकवून बघा आणि तोच टफनिंगच्या कारखान्यात द्या. नमुन्यावर लिहा: ‘कडा घासून झाल्यावरचं माप’. नाहीतर घासण्यात एक-दोन मिमी जातात. काच आल्यावर पत्र्याच्या चॅनेलमधला गंज खरवडा, यू आकाराचं रबर साबणाच्या पाण्याने ओलं करा आणि लाकडी हातोडीने, मध्ये लाकूड धरून, चॅनेल काचेच्या कडेवर हळूहळू ठोकून बसवा. काच पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. दाराच्या तळाची पाण्याची भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर ही चॅनेल पुन्हा सडेल.

अर्धे पैसे काच गॉगलखाली बघितल्यावरच द्या आणि बिलावर प्रकार, जाडी, आयएस २५५३ हे तिन्ही लिहून घ्या. आमच्या बिलावर प्रकार आणि जाडी होती, म्हणून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार देताना दाखवायला काहीतरी होतं. कापलेल्या पट्टीचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच बिलाला टाचून ठेवले आहेत.