कला-इतिहासात एमए करायचंय, पण मागची पदवी कोणती असलेली बरी?

"आत्या, वर्गात जेजे आर्ट स्कूलची मुलं असणार. मला तर धड हातसुद्धा काढता येत नाही."

माझ्या मावसभावाची मुलगी टीवायला आहे, इतिहास घेऊन. कला-इतिहासात एमए करावं की नाही, यावर तिच्या घरी महिनाभर खल चाललाय. त्याच आठवड्यात ओळखीतल्या एका आर्किटेक्ट मुलानं उलटं रडगाणं गायलं: त्याला हात काढता येतो, इतिहास येत नाही. म्हणून दोघांना मिळून एकदाच लिहून टाकते. मी स्वतः बीए इतिहासवाली, तेव्हा माझा कल कुठे झुकतो ते ध्यानात ठेवून वाचा.

या विषयात चित्र काढून दाखवायचं नसतं. मूर्ती, चित्र किंवा इमारत समोर असते. ती कधीची, कोणी कोणासाठी घडवली, अशीच का घडवली, हे शोधून नीट लिहायचं असतं. प्रत्येक पदवीवाला त्यातलं काहीतरी घेऊन येतो आणि काहीतरी घरी विसरून येतो.

घारापुरीत चौघं

कागदावर तुलना करण्यापेक्षा सरळ बोटीत बसू. (सोमवारी लेणी बंद असतात. हे माहीत नसलेली एक तरी बॅच गेटवेवरून परत फिरते, आमचीही फिरली होती.)

इतिहासवाल्याची इथे पहिल्याच पायरीवर पंचाईत होते. घारापुरीचा शिलालेख पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात उचलून पोर्तुगालला पाठवला आणि तो हरवला. राजाचं नाव नाही, दान देणाऱ्याचं नाही, साल नाही. बेटावर कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाची नाणी सापडली आहेत. ती आणि शैली मिळून हे काम सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात. इतिहासवाला नाणी पटकन पकडतो, पण 'शैली' म्हटलं की वहीत डोकं घालतो.

तिथे जेजेचं पोरगं कामाला येतं. आमच्या वर्गातल्या एकानं सदाशिवासमोर, म्हणजे तीन चेहऱ्यांच्या शिवमूर्तीसमोर, मांडी घातली आणि अर्ध्या तासात तिन्ही चेहरे उतरवले. उतरवताना पुटपुटत होता: डावीकडच्याची भुवई आवळलेली, मधल्याच्या पापण्या खाली आलेल्या, उजवीकडच्याचा गाल मऊ. पंधरा पानं वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्याच्या पेन्सिलीला कळलं. तेच लिहायला सांगितलं तेव्हा मात्र त्यानं दीड पान दिलं आणि त्यातही 'अप्रतिम' हा शब्द चार वेळा.

संस्कृतवाली मुलगी गाइडवर वैतागली होती, कारण तो सगळ्यांना ब्रह्मा-विष्णू-महेश सांगत होता. तिनं आम्हाला बाजूला घेऊन अघोर, तत्पुरुष, वामदेव ही शिवाचीच रूपं समजावली आणि त्यानंतर ते तीन चेहरे आम्हाला वेगळेच दिसायला लागले. तिची खोड एकच. पोथीतली ओळ सापडली की तिचं बघणं संपायचं. ग्रंथात सदाशिवाला पाच चेहरे आहेत, म्हणजे उरलेले दोन दगडातही कुठेतरी असणारच, यावर ती परतीच्या बोटीतही भांडत होती.

आणि आर्किटेक्ट? तो मूर्तींकडे पाठ करून खांब मोजत होता. आम्ही हसलो. मग त्यानं वहीत आराखडा काढून दाखवला. उत्तरेच्या दारानं आत आलं की समोर दक्षिणेच्या भिंतीवर सदाशिव दिसतो. पूर्वेकडून आलं तर रेष थेट पश्चिमेच्या चार दारांच्या लिंगगाभाऱ्यात जाते. आज पर्यटक उत्तरेकडून शिरतात, म्हणून सदाशिव मुख्य वाटतो आणि गाभारा बाजूला पडतो. वर्षभराच्या व्याख्यानांतलं मला सगळ्यात पक्कं आठवतं ते हेच. आर्किटेक्टचं दुखणं निराळं. पाच वर्षं बी.आर्च.मध्ये गेलेली असतात, बरोबरचे कमवायला लागलेले असतात आणि वीस पानी निबंध हा प्रकार त्यानं आयुष्यात पाहिलेला नसतो.

कान्हेरीत माझी फजिती

इतिहासवाल्यांनी लगेच खचू नये. बोरिवलीला उतरून कान्हेरीला गेलात की पारडं फिरतं. शंभराहून जास्त लेणी, भिंतींवर ब्राह्मी लेख, कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं. इथे ज्याला लेख वाचता येतो, व्यापार आणि राजवटी माहीत आहेत, तो राजा. जेजेवाला इथे आमच्यामागे फिरत होता.

पण मी याच ठिकाणी आपटले. तीन नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा लेख आहे, म्हणजे दुसऱ्या शतकाची अखेर. ओवरीच्या दोन्ही टोकांना वीस फुटांहून उंच उभे बुद्ध आहेत. मी निबंधात बिनधास्त लिहिलं: सातवाहनकालीन बुद्धमूर्ती. बाईंनी लाल पेननं एवढंच लिहिलं, 'मूर्तीकडे पाहिलंत का?' ते बुद्ध लेखानंतर काही शतकांनी कोरलेले आहेत. अंगाला चिकटलेलं वस्त्र आणि चेहऱ्याची घडण पाहिली असती तर शंका आली असती. लेख हाताशी होता म्हणून मी डोळे वापरलेच नाहीत. इतिहासवाल्यांचा हा आजारच आहे.

मग कोणी काय करावं

प्राचीन शिल्प आणि लेणी करायची असतील तर माझ्या मते सगळ्यात तयार गडी प्राचीन भारतीय संस्कृती घेऊन बीए केलेला. मुंबईत झेवियर्स आणि साठये कॉलेजात हा विषय आहे. त्यानंतर इतिहास किंवा संस्कृत. मराठाकालीन भित्तिचित्रांकडे ओढा असेल, मेणवलीच्या वाड्यासारख्या, तर मोडी शिका. तिथे कुठलीच पदवी आयती पुरत नाही.

आधुनिक चित्रकलेत मात्र जेजेवाला पुढे. तैलरंग कसा वाळतो, थर कसे बसतात हे त्याला हातानं ठाऊक असतं, आणि चित्रकारांच्या स्टुडिओत तो संकोच न करता बसतो. मुंबईतल्या कलाकारांच्या 1947 च्या प्रोग्रेसिव्ह गटाकडे पाहिलं तर तिथेही सरमिसळच होती: सूझांना जेजेतून काढून टाकलेलं, हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवून आलेले, बाकरे शिल्पकार. इतिहासवाल्यानं या काळावर काम करायचं तर त्याच्या हातात एक हुकमी पत्ता आहे, तो म्हणजे मराठी. जुनी मासिकं, दिवाळी अंक, प्रदर्शनांची परीक्षणं यांत कितीतरी पडून आहे, आणि इंग्रजीवर वाढलेले अभ्यासक तिकडे फारसे फिरकत नाहीत.

कॉमर्सवाल्यांसाठी: प्रवेशाचे नियम विद्यापीठागणिक बदलतात, ते तपासा आणि पहिलं वर्ष घाम गाळायची तयारी ठेवा. रसायनशास्त्रवाल्यांनी आधी जतन-संवर्धनाचा रस्ता पाहावा, तिथे त्यांची जास्त गरज आहे.

दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे लावण्याआधी मुंबईतच चव घेता येते. फोर्टात ज्ञानप्रवाह ही कला-अभ्यासाची संस्था, भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा आधुनिक कलेवरचा पदविका अभ्यासक्रम, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संग्रहालयशास्त्राचा. तिथे जमलं, गोडी लागली, तर बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचा विचार करा. तिथली ललित कला शाखा 1950 पासूनची आहे आणि रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचता येतं. नोकरीचं मी गोड करून सांगणार नाही. गॅलऱ्या आणि लिलावगृहांना कॅटलॉग लिहिणारी माणसं लागतात, पण सुरुवातीचा पगार पाहून आई-बाबा गप्प होतील.

भाचीला मी दुसरी पदवी वगैरे घ्यायला सांगितलं नाही. चाळीस रुपयांची वही घे आणि राणीच्या बागेत जा, एवढंच म्हटलं. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. 1864 मध्ये हलवताना त्याचे तुकडे झाले, पुढे ते जोडले. यातलं तिला काही सांगितलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. पाय खांबासारखे आलेत, सोंडेचं तर विचारूच नका. पण अंगावरचे सांधे तिनं एकेक करून काढलेत, आणि खाली लिहिलंय, 'आत्या, हा कधी तुटला होता का गं?'