प्लॉटले 4 स्टार, रस्त्याले 1

ले-आऊटवाल्याचं नाव लिहत नाही, उगाच कोर्टकचेरी कोन करत बसंल, पण वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावाले लागून प्लॉट पाहून राहिले असाल तं एकदा वाचून घ्या राजेहो.

2016 मंधी मी 30 बाय 50 चा घेतला. एनए म्हणजे बिगरशेती झालेला, टाऊन प्लॅनिंगचा मंजूर नकाशा, रजिस्ट्री क्लिअर, बोअरले पाणी चांगलं, त्या बाबतीत आजही तक्रार नाही. ताजा मुरूम टाकून रोलर फिरवलेला होता, गाडी सुळकन आत गेली अन् मी फसलो. प्लॉट पाहायले श्रावणात जा, एप्रिलमंधी सगळेच रस्ते चांगले दिसतात.

खाली आपली काळी माती. कपाशीले चांगली, रस्त्याले वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, अन् खाली पाया न करता नुसता वरून मुरूम पसरला तं माती तो गिळून टाकते, आमचा दोन पावसाळ्यात गिळला. सिलेंडरवाला कोपऱ्यावरूनच हॉर्न देते, पोराची स्कूल व्हॅन तिथंच थांबते. एका रात्री आईले दम लागला, अँब्युलन्स कोपऱ्यावर उभी, आम्ही चौघांनी तिले प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिथपर्यंत नेलं, माझी एक चप्पल त्या गाऱ्यात जी गेली ते सापडलीच नाही.

गेलो ग्रामपंचायतमंधी. सचिव म्हणते, भाऊ, रस्ता आमच्या ताब्यातच नाही तं खर्च कसा टाकू? म्या म्हटलं, घरटॅक्स तं दरसाल घेता. तो म्हणते, टॅक्स घराचा आहे, रस्ता ले-आऊटवाल्याचा. लय राग आला, पण सातबारा काढून पाह्यला तं रस्त्याची जागा अजून ज्याचं वावर होतं त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्याच नावावर! म्हणजे आम्ही 22 घरं रोज त्याच्या वावरातून ये-जा करून राहिलो होतो.

हे मले आधी कोनी सांगितलं नाही म्हणून सांगतो. नकाशात रस्ता काढला म्हणजे तो पंचायतीचा होत नाही. आमच्या एनएच्या ऑर्डरमंधी अट लिहलेली होती की रस्ते-नाल्या पूर्ण करून ओपन स्पेससकट पंचायतीले सोपवा. पण पंचायत म्हणते कच्चा रस्ता आम्ही घेत नाही, आधी करून द्या, अन् ले-आऊटवाल्यानं शेवटचा प्लॉट विकला की त्याचा फोन लागनं बंद. मधात लोंबकळतो आपण. गंमत म्हणजे कोपऱ्यापर्यंतचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला, तिथं पाटी आहे, ठेकेदाराचं नाव आहे, 5 वर्षं देखभालही त्याच्याच गळ्यात. डांबर संपलं की आमचं ले-आऊट सुरू अन् पुढं कोनाचंच नाव नाही.

शेवटी आम्हीच मागं लागलो. नकाशाची नक्कल, एनए ऑर्डर, सगळ्या घरांच्या सह्या, मग 1 मेच्या ग्रामसभेत विषय घेतला, ठराव झाला. त्याच्याआधी सचिव टेप घेऊन आले. नकाशात 9 मीटर, जाग्यावर एका ठिकाणी सव्वासात. कोनाचा ओटा पुढं आला, कोनाचा जिना. लाज सोडून सांगतो, त्यातला एक ओटा माझाच होता, बायकोची तुळस होती त्याच्यावर. तोडला. शेजाऱ्याचा जिना तुटायले आणखी 8 महिने लागले अन् तो अजून माझ्याशी बोलत नाही, असो. रस्त्याची जागा पंचायतीले सोपवायच्या कागदावर म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मात्र दुसऱ्या खेपेलेच सही केली, चहाचे पैसेही देऊ दिले नाही. ले-आऊटवाला सहीले 11 चकरांनंतर आला.

मग कुठं 2024 मंधी पंचायतीच्या नमुना 23 मंधी, म्हणजे रस्त्यांच्या रजिस्टरमंधी, आमच्या रस्त्याची एक ओळ चढली. एक ओळ भाऊ, तिच्यासाठी 3 वर्षं! पण तिच्यानंतरच वित्त आयोग म्हणा, 2515 म्हणजे ग्रामविकास खात्याचा गावातल्या कामांचा निधी म्हणा, आमदार निधी म्हणा, मागायले तोंड उघडता येते. या उन्हाळ्यात पुढच्या अर्ध्या भागाचं खडीकरण झालं, सिलेंडरवाला आता दारात येते. सचिवाले 4 स्टार, ले-आऊटवाल्याले शून्य देता येत नाही म्हणून 1.

प्लॉट घेणार असाल तं पुढच्या लाईनीतलाच घ्या. मागचा रस्ता धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जाऊन आपटते. पलीकडं पन्नास पावलांवर दुसरं ले-आऊट आहे, त्याचा रस्ता पांदणीले लागते अन् पांदण थेट जिल्हा परिषदेच्या शाळेपाशी निघते, पण पोरं फिरून दीड किलोमीटर जातात. मधातली पट्टी एका शेतकऱ्याची. तो द्यायले तयार आहे, अट एकच, धुऱ्यावरचा आंबा तोडायचा नाही, बापानं लावलेला आहे. झाड वाचवून रस्ता वळवता येते का ते पाहायले इंजिनियर पोळा झाल्यावर येणार आहे.