पानातला तेंपे, प्लास्टिकमधला तेंपे आणि सासूबाईंचं नाक

पाच हजार म्हणजे इंडोनेशियन रुपये, दचकू नका. आपले पंचवीस-तीस होतात. तेवढ्यात जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या पासार गडे या बाजारातली एक म्हातारी मला केळीच्या पानात बांधलेल्या तेंपेच्या पाच पुड्या देते. (गडे म्हणजे जावानीज भाषेत 'मोठा'. लाडीगोडीचा काही संबंध नाही.) बाजाराची इमारत १९३० सालची, थॉमस कार्स्टन या डच वास्तुकाराची, उंच छपराची आणि देखणी. पण सकाळी साताच्या आत पोचला नाहीत तर नुसती इमारतच बघून परत यावं लागतं. पानातला तेंपे तोवर संपलेला असतो.

आधी माझी ओळख, म्हणजे मत कुणाचं ते कळेल. पुण्यात एका खाद्यपदार्थ कंपनीच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं चाखायचं काम केलं. बिस्किटं, केचप, सुपाची पाकिटं. लाल दिव्याखाली बसायचं, म्हणजे रंग बघून मन कलत नाही; आकडा लिहिलेल्या वाटीतलं चाखायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची, नऊपैकी गुण द्यायचे. नवऱ्याच्या कापडगिरणीच्या नोकरीपायी तीन वर्षांपूर्वी इथं आलो. घर शाकाहारी. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तेंपेशी गाठ पडली, आणि जुनी खोड काही जाईना.

ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी. सोयाबीन रात्रभर भिजवतात, सालं काढतात, शिजवतात, निथळून गार करतात आणि त्यावर 'रागी' भुरभुरतात. रागी म्हणजे नाचणी नव्हे, विरजण. ऱ्हायझोपस जातीच्या बुरशीचं विरजण. मग पानात नाहीतर भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दीड-दोन दिवस ठेवायचं. बुरशी दाण्यादाण्यांत पांढरे तंतू विणते आणि सुट्या दाण्यांची वडी होते. ती वाढताना पुडी हाताला चक्क गरम लागते.

बांबूची पट्टी सोडून पान उलगडलं की वडीवर पानाच्या शिरा उमटलेल्या दिसतात, तळहातावर झोपून उठल्यावर गालावर उमटतात तशा. वर पांढरी मखमल. अंगठ्यानं दाबलं तर दबून पुन्हा वर यायला हवी. सुरी घातली की आवाज होत नाही, पण चुराही पडत नाही. कापलेला तुकडा उजेडाकडे धरला तर राजगिऱ्याच्या वडीत शेंगदाणे बसावेत तसे दाणे दिसतात, मधल्या फटी सगळ्या पांढऱ्यानं भरलेल्या. वास? इथं माझी पंचाईत होते. मराठीत बुरशीच्या वासाला आपल्याकडे एकच शब्द, 'कुबट', आणि तो शिवीसारखा. हा वास कुबट नाही. पहिल्या पावसानंतर अळंबी उपटल्यावर बोटांना येतो तो, वर किंचित कच्च्या शेंगदाण्याचा, आणि पानाचा हिरवटपणा. सोयाबीनचा तो कच्चट, उग्र दर्प, ज्याला इथं 'लांगू' म्हणतात, तो आला की समजायचं की दाणे नीट शिजले नव्हते.

सासूबाई गेल्या डिसेंबरात सांगलीहून आल्या तेव्हा त्यांनी पुडी उघडली आणि लगेच मिटली. "अगं, हे बुरसलंय. टाकून दे." मी म्हटलं, "आई, दह्याला विरजण लावता ना तुम्ही? तसंच हे." त्यावर त्या म्हणाल्या, "दह्याला लव नसते." मुद्दा बिनतोड होता.

इथल्या कुणालाही विचारा, पानातला तेंपे चांगला हे ठरलेलं आहे. पण 'ठरलेलं आहे' या शब्दावर माझी एकोणीस वर्षं गेली आहेत. आमच्या म्हातारीकडे एकाच घाण्यातला माल दोन्हींत मिळतो, म्हणजे दाणे तेच, रागी तीच, फरक फक्त वेष्टनाचा. अशी संधी सोडायची कशी? रविवारी सहा जणांना बसवलं: नवरा, लेक, सासूबाई, घरकामाला येणारी म्बाक (म्हणजे ताई) आणि शेजारच्या दोघी. प्रत्येकापुढे तीन बश्या, ४१७, ८६२, २९५ असे आकडे, दोन बश्यांत एक माल, तिसरीत दुसरा. वेगळी कुठली एवढंच सांगायचं. नुसत्या अंदाजानंही तिघांतल्या एकाचं बरोबर येतंच, म्हणून सहांपैकी पाच जण बरोबर आले तरच फरक खरा मानायचा.

पहिल्या फेरीत नुसतं मीठ लावून वाफवलेले तुकडे दिले. पाच बरोबर. चुकला तो नवरा, जो दर जेवणाला 'आज काहीतरी वेगळं लागतंय' म्हणतो. सासूबाईंनी तर चाखलंच नाही, नुसत्या वासावर बशी पुढे सरकवली. नऊपैकी गुण विचारले तर पानातल्याला बहुतेकांनी आठ दिले, प्लास्टिकमधल्याला सहा. प्लास्टिकवाला खालच्या बाजूनं जरा पचपचीत लागतो, कारण घाम बाहेर जायला फारशी वाट नसते. पानाच्या घड्यांतून ती मिळते.

दुसऱ्या फेरीत बाचम. म्हणजे नारळपाणी, ताडामाडाचा काळसर गूळ, धणे, लसूण, छोटे कांदे, चिंच घालून आटेपर्यंत शिजवायचं आणि मग तळायचं. सोलो आणि जोगजा (म्हणजे योग्यकर्ता शहर) इकडची ही खासियत, आणि गोडसर चवीमुळे आपल्या जिभेला पहिल्या घासाला पटते. सहांपैकी दोन बरोबर आले. म्हणजे निव्वळ अंदाज. गूळ आणि धण्यांपुढे पानाचं काही चालत नाही. तेव्हा बाचम करणार असाल तर सरळ प्लास्टिकमधला घ्या. वाफवून, किंवा मेंदोआन करून खाणार असाल तर मात्र लवकर उठा.

मेंदोआन हा खरा मध्य जावातल्या बान्युमासकडचा पदार्थ. पातळ, रुंद तेंपे तांदळाचं पीठ मिसळलेल्या पिठात बुडवायचा, त्यात धणे आणि कांद्याची पात, आणि तेलातून अर्धवट असतानाच काढायचा. 'मेंदो' म्हणजेच अर्धकच्चा. मऊ, लोंबणारी भजी. आमच्याकडे यावरून दोन तट आहेत. लेक हिरवी मिरची चावत सहा-सहा खाते आणि नवरा आपली परत कढईत सोडून कुरकुरीत करून मागतो. तो मेंदोआन राहत नाही, पण त्याला सांगणार कोण.

एक तक्रार. एका मोठ्या वातानुकूलित दुकानातून आकर्षक पाकिटातला तेंपे दोनदा आणला, बाजारापेक्षा तिप्पट दरानं. दोन्ही वेळा आतून ओला, चवीला कडसर, आणि कापताना दाणे सुटून ओट्यावर गडगडले. दुकानात सांगितलं तर मुलगी गोड हसली आणि तारीख दाखवली. तारीख बरोबर होती. तेंपे नव्हता. नऊपैकी तीन.

वर काळे ठिपके दिसले तर मात्र घाबरून टाकू नका. पिशवीच्या भोकांभोवती हवा जास्त लागते, तिथं बुरशीला बीजं धरतात, तोच काळपटपणा. तेंपे थोडा जून झाला एवढाच त्याचा अर्थ. खरी गंमत तिथून पुढे आहे.

आशिया खंडासाठी कोडेक्सनं, म्हणजे खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, २०१३ मध्ये तेंपेचं मानक केलं. पाणी ६५ टक्क्यांच्या वर नको, प्रथिनं निदान १५ टक्के, कापताना चुरा होऊ नये, रंग पांढरा, चव दाण्याची, मांसासारखी, अळंबीची. आणि अमोनियाचा वास नसावा. अमोनियाच्या कलमावर मी नोकरीत असते तर डोळे मिटून सही केली असती. पण म्हातारीच्या फळीखाली एक टोपली असते, फडक्यानं झाकलेली. त्यात तीन-चार दिवसांचे, पिवळट-करडे पडलेले, नाकाला झोंबणारे तुकडे. त्याला 'तेंपे बोसोक' म्हणतात, सरळ अर्थ 'कुजका'. आणि तो ती फुकट देत नाही. सांबाल तुंपांग नावाचं सरबरीत कालवण या कुजक्याशिवाय होतच नाही. नारळाचं दूध, लिंबाची पानं, मिरच्या, लसूण आणि हा वाटलेला तेंपे. मी नाक मुठीत धरूनच पहिला घास घेतला. अमोनिया शिजताना उडून जातो, मागे राहतं ते जिभेच्या मागच्या बाजूला चिकटून बसणारं खोल, खमंग काहीतरी. आमच्या कंपनीत हीच चव सुपात आणायला पांढरी भुकटी वापरायचो. ताजा आणि जुना दोन्ही मिसळायचे असतात, आणि प्रमाण कुठल्याही कागदावर नाही. उकडलेल्या पालेभाजीवर ओतून भाताबरोबर खा. माझे नऊपैकी साडेआठ. अर्धा गुण घरभर राहणाऱ्या वासाचा कापला. बाहेर खाल तर आधी विचारा, कारण त्यात बहुतेकदा जनावराचं कातडं नाहीतर स्नायू असतात. इतर सांबालांतही, म्हणजे मिरचीच्या चटण्यांतही, तरासी असते, म्हणजे आपल्या जवळ्याच्या कुळातली कोळंबीची चटणी. 'तानपा तरासी', म्हणजे 'तरासीशिवाय', एवढे दोन शब्द पाठ ठेवा.

बाकीचे प्रकार धावते सांगते. तेंपे गेंबुस टोफूच्या चोथ्याचा, स्पंजासारखा, हलका. सोलोत त्याचे 'साते करे' म्हणजे भिकाऱ्याचे कबाब भाजतात, शेंगदाण्याच्या रश्शात बुडवून झकास. तेंपे बेंगुक खाजकुइलीच्या बियांचा. हो, तीच आपली खाजकुइली. बिया पाणी बदलत बदलत काही दिवस भिजवतात, कारण कच्च्या विषारी. जोगजाच्या पश्चिमेला कुलोन प्रोगोत त्याचं फार प्रस्थ. चावायला चिवट, शेवटी तुरट, मला सहाच्या वर देववत नाहीत.

आणि एक प्रकार कुठं दिसलाच तर घेऊ नका: नारळाच्या चोथ्याचा तेंपे बोंगक्रेक. त्यात एक जिवाणू शिरला की जे विष तयार होतं त्याला वास नाही, चव नाही. बान्युमासकडे त्यानं माणसं दगावली आणि १९८८ मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. चाखून मत देणाऱ्या बाईला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

सासूबाई आता तुंपांग स्वतः करतात. जाताना कुजका तेंपे सांगलीला न्यायचं म्हणत होत्या, मी विमानाचं कारण सांगून सोडवलं. मागच्या मंगळवारी बाजारात दोन ताज्या पुड्या जास्तीच्या घेतल्या, घरीच जुन्या करायच्या म्हणून. काल त्या घेऊन म्हातारीला दाखवायला गेले. तिनं पान थोडं सोडलं, नाकाशी नेलं, परत बांधलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"देरेंग, बू."

अजून नाही झाला.