टेलर फ्रेम : गणिताला चांगली, पण टाइप बसवून बघितल्याशिवाय घेऊ नका

सर्वसाधारण शाळेतल्या अंध मुलाला गणिताच्या तासाला बहुतेकदा तोंडी उत्तर विचारून मोकळं केलं जातं. उत्तर येतं, पायऱ्या मात्र कुणीच तपासत नाही. टेलर फ्रेमवर, म्हणजे अंध मुलांनी गणित मांडायच्या खाचांच्या पाटीवर, त्या बोटाला लागतात.

पाटीवर अष्टकोनी खाचांच्या ओळी असतात आणि खाचेत टाइप, म्हणजे छोटी चौकोनी कांडी, उभा बसतो. टाइपच्या एका टोकाला कडेवर उंच रेघ, दुसऱ्याला दोन ठिपके. दोन्ही टोकं आठ-आठ दिशांना वळतात, म्हणजे एका टाइपवर १६ खुणा : दहा अंक आणि बाकीची चिन्हं. ३४७ × २६ हा गुणाकार पूर्ण मांडायला पाच ओळी आणि १८ टाइप लागतात. हातच्यासाठी वरची एक ओळ मोकळी सोडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

मेख आहे ती खाचेत. खाच सैल असली की वाचणाऱ्या बोटाबरोबर टाइप फिरतो आणि ४५ अंश फिरला की अंकच बदलतो. मुलाने बरोबर मांडलेली बेरीज तपासताना चुकीची निघते आणि बोलणी त्याला बसतात! म्हणून घेताना चारही कोपऱ्यांत नि मधोमध टाइप लावून चिमटीत फिरवून बघा. सुटे टाइप नंतर दुसरीकडून आणले तर मापात फरक पडू शकतो, तेव्हा जास्तीचे त्याच वेळी घ्या. जमिनीवर पडलेला टाइप शोधण्यात तास जातो. खाली कडा असलेला ट्रे ठेवला की भागतं. टाइप शिशाचे असतील तर डब्याआधी हात धुवायला लावा.

बीजगणिताचे टाइप वेगळे मिळतात. भूमितीला ही पाटी कामाची नाही, तिथे आकृती उठावदार काढता येईल अशी रबर मॅटच हवी. नुसत्या वेगासाठी १३ दांड्यांचा क्रॅनमर अबॅकस (अंधांसाठीची मण्यांची गणकपाटी) सरस, पण त्यावर पुढची पायरी केली की मागची पुसली जाते. भागाकार शिकवताना हे फार अडतं.

परीक्षेत फ्रेमवरचं गणित उत्तरपत्रिकेत आपोआप उतरत नाही, लेखनिकाला सांगावं लागतं. अंध विद्यार्थ्याला तासामागे मिळणारी जादा २० मिनिटं यातच खर्च होतात. तेव्हा ‘दुसरी ओळ, उजवीकडून तिसरं घर, चार’ असं सांगायचा सराव सहामाहीच्या आधीच सुरू करा, तोही गणित न येणाऱ्या लेखनिकाबरोबर.