एक मिलिमीटरचा ग्रे बोर्ड: सात महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत घेतलेले ग्रे बोर्डाचे, म्हणजे करड्या पुठ्ठ्याचे, ताव काल संपले. १:२५० प्रमाणातली जहाजांची दोन कागदी मॉडेलं झाली आणि एका जहाजाचा सांगाडा वाया गेला. त्या वाया गेलेल्या सांगाड्यासाठी हे लिहितोय.

पहिली खेप ऑनलाइन मागवली होती. विक्रेत्याने एवढा जाड पुठ्ठा गुंडाळून नळीतून पाठवला! उलगडला तर दर दोन बोटांवर मोड. फोटो पाठवले, चार मेल केले, पण पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून पुण्यात अप्पा बळवंत चौकात जातो आणि ताव डोळ्यांच्या रेषेत धरून, सपाट आहे ना बघूनच घेतो.

हा बोर्ड रद्दीच्या लगद्याचा, त्यामुळे पात्याची धार फार लवकर जाते. मी पाती पुरवून वापरायचो, ती काटकसर महागात पडली. बोथट पातं पुठ्ठा कापत नाही, फाडतं आणि कडेला लव सुटते. आता दोन-तीन फासळ्या (सांगाड्याचे आडवे तुकडे) कापून झाल्या की कटरच्या पात्याचं बोथट टोक मोडतो. पहिला हात रेघ ओढल्यासारखा हलका, मग त्याच रेघेवरून पाच-सहा हात. पातं जरा कललं तरी कड तिरकी येते.

पण खरं रडवलं ते खाचांनी. फासळ्या कण्यात, म्हणजे सांगाड्याच्या मधल्या उभ्या पट्टीत, खाचांमध्ये अडकवायच्या असतात. नमुन्यावर छापलेली खाच १ मिमीची. बोर्डही १ मिमीचा, म्हणून मी निर्धास्त. पण नमुन्याचा कागद वर चिकटवल्यावर व्हर्निअरने (जाडी मोजायच्या मापकाने) मोजलं तर १.२ मिमी! प्रत्येक फासळी कण्यात दाबून बसवावी लागली. अशा वीस-बावीस फासळ्यांनी मिळून कणा पाचरी ठोकल्यासारखा ताणला. सात महिन्यांत यापेक्षा जास्त वेळ दुसऱ्या कशात गेला नाही.

जुलैत तोच सांगाडा केळ्यासारखा वाकला, तेव्हा मी मित्रांना सांगत सुटलो की हा बोर्ड पावसाळ्यात घेऊच नका. ते मत आता मागे घेतो. मी कागद पांढऱ्या गमने एकाच बाजूला चिकटवला होता. ओला कागद फुगतो, सुकताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. मागूनही कागद लावला तर ओढ सारखी होते, पण जाडी १.४ वर जाते, म्हणजे पुन्हा खाचांचंच दुखणं. त्यामुळे आता पाणी नसलेलं रबर सोल्युशन वापरतो आणि बोर्ड ०.८ मिमीच्या आसपासचा घेतो. कागद धरून बरोबर एक भरतो.

दुसऱ्या जहाजाची पहिली फासळी बोटाच्या नुसत्या दाबाने खाचेत सरकली आणि कणा उलटा धरला तरी पडली नाही. त्याच तावाची, कागद चिकटवलेली एक पट्टी आता कटरच्या डब्यात ठेवलीय. नवी खाच कापली की आधी ती घालून बघतो.